शनिवारची अर्धी सुट्टी

धोटा ओठांशी धरून ती बाई जोरात श्वास आत घेते. धोट्याच्या बारीक छिद्रातून सुताचं टोक तिच्या जिभेवर येतं. ते बोटांनी ओढून ती धोटा मागात बसवते, दांडा सरकवते आणि माग पुन्हा धडधडू लागतो. तुमची पापणी लवेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. कांडी संपली की पुन्हा हेच. दिवसातून किती वेळा, असं विचारायला तुम्ही तोंड उघडता, पण तुमचाच आवाज तुमच्या कानापर्यंत पोहोचत नाही. साळखात्यात शेकडो माग एकदम चालू आहेत आणि पायाखालची फरशी थरथरते आहे.

चार माग पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती बाई काहीतरी सांगते. आवाज नाही, नुसते ओठ हलतात, जरा ताणून, ठसठशीत. तो मान डोलावतो. इथे सगळे असेच बोलतात. या गोंगाटात जन्म काढलेली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. तुम्हीही नीट बघितलंत तर तिच्या ओठांवरचा शब्द तुम्हाला कळेल. ‘उद्या.’

तुम्ही ब्लॅकबर्नला आला आहात. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्यात, गिरण्यांच्या धुराड्यांनी आभाळ अडवलेलं हे गाव. आज शुक्रवार, ३० मार्च १८८३. मागावर चढलेलं कापड जरा जवळून बघा. कोरं, पातळ, आणि दोन्ही कडांना रंगीत काठ. ओळख पटायला वेळ लागत नाही. हे धोतर आहे. ब्लॅकबर्नचे माग हिंदुस्थानासाठी धोतरं विणतात. ही बाई रोज वारच्या वार धोतर विणते, पण ते नेसलेला माणूस तिने जन्मात पाहिलेला नाही.

तुमच्या मनात या क्षणी दोन गोष्टी एकदम येतील आणि त्या दोन्ही येऊ द्या. इथले माग चालावेत म्हणून आपल्याकडचे हातमाग बसले, विणकरांच्या पेठा ओस पडल्या. गेल्याच वर्षी, १८८२ मध्ये, हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावरचं आयात शुल्क उठवलं, कारण लँकेशायरच्या गिरणीमालकांचा तो जुना हट्ट होता. हे खरं आहे. आणि ओठांनी सूत ओढणाऱ्या या बाईच्या छातीत रोज कापसाचे तंतू जातात, हेही तितकंच खरं आहे. शुल्क उठवणाऱ्या बैठकीत तिला कोणी बोलावलं नव्हतं. उद्या जे घडणार आहे ते तिच्यासारख्यांचं आहे. ते बघायला तुम्ही आलात.

उद्या लंडनला फुटबॉलच्या एफए कपचा अंतिम सामना आहे आणि त्यात या गावचा क्लब, ब्लॅकबर्न ऑलिम्पिक, खेळणार आहे.

भोंगा होतो. माग एकेक करून थांबतात आणि तुमच्या कानांत शांतता शीळ घालायला लागते. बाहेर फरसबंदी गल्लीत लाकडी तळांच्या जोड्यांचा कडकडाट सुरू होतो. तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेले हे जोडे इथे सगळे घालतात. या गर्दीबरोबर चालत राहा. टेकडीवर होल-इन-द-वॉल नावाचा एक गुत्ता आहे, त्याच्या शेजारचं मैदान हे ऑलिम्पिकचं घर. क्लब अवघा पाच वर्षांचा. ग्रीसमध्ये प्राचीन ऑलिम्पियाचं उत्खनन चालू होतं, त्या बातम्यांवरून क्लबच्या खजिनदाराला हे नाव सुचलं. गावात दुसरा, जुना आणि पैसेवाला क्लब आहे, ब्लॅकबर्न रोव्हर्स. तो गेल्या वर्षी अंतिम सामन्यात पोहोचला आणि ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून, एका गोलने हरला. उद्या समोर तेच ओल्ड इटोनियन्स आहेत.

गुत्त्याच्या दारात लोक खेळाडूंची नावं घेतायत, तशी तुम्हीही ऐकून घ्या. प्रत्येक नावामागे एक हुद्दा आहे. थॉमस ड्यूहर्स्ट, विल्यम ॲस्टली, जॉन येट्स, हे तिघे विणकर. जिमी कॉस्टली सूत कातणारा. जेम्स वॉर्ड कापड गिरणीत यंत्रावर. थॉमस गिब्सन लोखंडाच्या ओतशाळेत. कप्तान अल्बर्ट वॉरबर्टन नळकाम करणारा. आर्थर मॅथ्यूज तसबिरींना चौकटी बसवतो, जॉर्ज विल्सन कारकून आहे, गोलरक्षक थॉमस हॅकिंग दातांच्या डॉक्टरचा मदतनीस. आणि जॅक हंटर गुत्ता चालवतो. हंटर इंग्लंडकडून खेळलेला आहे आणि या संघाला शिकवतोही तोच.

उपांत्य सामन्यात त्यांनी ओल्ड कार्थुशियन्सचा ४-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर हंटर सगळ्यांना घेऊन ब्लॅकपूलला गेला, समुद्रकाठी. सामन्यासाठी संघाने कामधंदा सोडून तयारीला बाहेरगावी जाणं ही तेव्हा अगदी नवी गोष्ट. पहाटे कच्ची अंडी आणि पोर्ट वाइन, मग वाळूतून लांबवर चालणं. न्याहारीला लापशी आणि मासे, दुपारी मटण, संध्याकाळी पुन्हा लापशी आणि दूध, रात्री कालवं. खर्च सिडनी येट्स या ओतशाळेच्या मालकाने उचलला. रोज दहा तास उभं राहून काम करणाऱ्या पोरांना काही दिवस पोटभर खायला आणि मोकळं पळायला मिळालं. उद्या दोन तासांच्या खेळानंतर मैदानावर काय दिसेल याचं कारण इथे आहे, ते लक्षात असू द्या.

रात्रीच्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने बसा. कडाक्याची थंडी आहे, तरी डब्यात दम कोंडेल इतकी माणसं. तुमच्या शेजारचा चाळिशीचा विणकर रुमालात पाव बांधून आलाय. तो तुम्हाला अर्धा देतो. उद्या शनिवार, म्हणजे सकाळची पाळी बुडणार, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. तो बोटांवर हिशोब करून सांगतो आणि हसतो.

“दुपारची सुट्टी तर हक्काचीच आहे,” तो म्हणतो. “सकाळचं मात्र पदरचं जातं.”

हक्काची सुट्टी. या दोन शब्दांपाशी थांबा, कारण या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांमध्ये बायका आणि कोवळी मुलं यांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं ठरलं. त्यांच्याशिवाय माग चालत नव्हते, म्हणून पुरुषांचंही काम थांबलं. पुढे १८७४ मध्ये दुसरा कायदा आला. सोमवार ते शुक्रवार दहा तास आणि शनिवारी साडेसहा, म्हणजे आठवड्याला साडेछप्पन्न तास. शनिवारची दुपार मोकळी झाली. रविवार चर्चचा, त्या दिवशी खेळ निषिद्ध. उरली ही एक दुपार. त्या दुपारी लँकेशायरच्या गावागावांत चेंडू उडायला लागला. फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी होतात, ही सवय जगाला या कायद्यांनी लावली. त्या कायद्यांसाठी सभा, अर्ज, संप यांत कित्येकांचं तारुण्य गेलं होतं.

डब्याच्या कोपऱ्यातून एक म्हातारा कापसाच्या दुष्काळाचं सांगतो. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हाची, १८६१ ते १८६५ ची गोष्ट. तिकडचा कापूस बंद झाला, गिरण्यांना कुलपं लागली, घरातली भांडी गहाण पडली. मग हिंदुस्थानातून ‘सुरती’ कापूस आला. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा, दिवसभर राबूनही पुरेशी मजुरी न देणारा. विणकरांच्या तोंडी ‘सुरती’ हा शब्दच वाईट मालाचं नाव होऊन बसला. त्याच चार वर्षांत मुंबईत त्याच कापसाने सोन्याचा पाऊस पाडला आणि १८६५ मध्ये शेअरांचा तो फुगा फुटून कित्येक घरं बुडाली. तुम्ही मुंबईची बाजू ऐकलेली असते, बॅकबेची, कापसाच्या गाठींवर रात्रीत लखपती झालेल्यांची. ही दुसरी बाजू. इथे त्या वर्षांत मुलं उपाशी झोपली. त्यांतली जी वाचली ती आता तिशी-पस्तिशीची झाली आहेत आणि या गाडीत आहेत.

आणखी एक आठवण या डब्यात सगळ्यांनाच पाठ आहे. शेजारच्या डार्वेन गावची. १८७९ साली डार्वेनचे गिरणी कामगार याच चषकाच्या उपउपांत्य फेरीत याच ओल्ड इटोनियन्सशी खेळले. शेवटच्या पाव तासात चार गोल चढवून त्यांनी ५-५ अशी बरोबरी केली. ते म्हणाले, जादा वेळ खेळू. इटोनियन्सनी नकार दिला. पुन्हा लंडन. पुन्हा बरोबरी, २-२. तिसऱ्यांदा लंडन. मजुरी बुडवून, वर्गणी काढून, रात्रीच्या गाडीने. तिसऱ्या सामन्यात डार्वेन ६-२ ने हरलं. “पाय दमले नव्हते, रेल्वेने दमवलं,” म्हातारा म्हणतो. डब्यात काही वेळ कोणी बोलत नाही.

सकाळी लंडन. नदी ओलांडून दक्षिणेला केनिंग्टन. ओव्हल मैदानाजवळ आलात की आधी कोळशाच्या गॅसचा वास येतो, मग गॅसच्या टाक्यांचे प्रचंड लोखंडी सांगाडे दिसतात. क्रिकेट बघणाऱ्या तुम्हाला हे मैदान अनोळखी नाही. सातच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १८८२ मध्ये, इथे ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला सात धावांनी हरवलं आणि ‘ॲशेस’ ही गोष्ट जन्माला आली. सरे क्रिकेट क्लबचा चिटणीस चार्ल्स अल्कॉक हाच फुटबॉल असोसिएशनचाही चिटणीस. १८७१ मध्ये या चषकाची कल्पना त्याचीच. पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ ला इथेच झाला, तेव्हा बघायला दोन हजार माणसं होती. वाँडरर्सनी रॉयल इंजिनियर्सना एका गोलने हरवलं. तेव्हापासून अकरा वेळा चषक दिला गेला आणि अकराही वेळा तो दक्षिणेत राहिला. वाँडरर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ, रॉयल इंजिनियर्स, ओल्ड इटोनियन्स, क्लॅपहॅम रोव्हर्स, ओल्ड कार्थुशियन्स. मोठ्या शाळांतून शिकलेली, फौजेतली, वकिलीतली, पेढ्यांतली माणसं. खेळ त्यांनीच नियमांत बसवला होता, हे श्रेय त्यांचं आहे आणि ते द्यायला हवं.

आज आठ हजारांची गर्दी आहे. मैदान बघून तुम्ही चक्रावाल. मध्यभागी वर्तुळ नाही, मधली रेषा नाही, पेनल्टीची पेटी नाही. पेनल्टी नावाची शिक्षाच अजून जन्मायची आहे, ती १८९१ मध्ये येईल. गोलपोस्टवर आडवा दांडा आहे, पण मागे जाळं नाही. गोल झाला की चेंडू सरळ मागच्या लोकांत घुसतो. खेळाडूंच्या पाठीवर आकडे नाहीत. मैदानात दोन अम्पायर फिरतात आणि बाहेर एक रेफरी असतो. चेंडू हाताला लागला असं वाटलं तर क्रिकेटसारखं अपील करायचं, केलं नाही तर खेळ पुढे चालू. कोणी जायबंदी झालं तर बदली खेळाडू नाही. उरलेल्यांनी खेळायचं.

इटोनियन्स मैदानात येतात आणि ब्लॅकबर्नच्या लोकांचे डोळे एका माणसावर खिळतात. तांबूस दाढी, लांब पांढरी पॅंट, डोक्यावर क्रिकेटची टोपी. आर्थर किनेअर्ड. पेढीवाला, उमराव घराण्यातला, वय छत्तीस. एफए कपच्या अंतिम सामन्यात तो आज नवव्यांदा उतरतोय आणि हा विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही. पाच वेळा चषक जिंकलाय. गेल्या वर्षी रोव्हर्सना हरवल्यावर या माणसाने याच पॅव्हेलियनसमोर आनंदाने शीर्षासन केलं होतं. तो खेळावर जीव टाकणारा माणूस आहे. पुढे तेहतीस वर्षं तो फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष राहील. त्याच्या बाजूला हॅरी गुडहार्ट आहे, जो पुढे एडिंबरो विद्यापीठात लॅटिन शिकवेल, आणि गोलमध्ये जॉन रॉलिन्सन, जो पुढे खासदार होईल. या मैदानावर आज तीन विणकर आणि एक होऊ घातलेला लॅटिनचा प्राध्यापक एका चेंडूमागे धावणार आहेत. इंग्लंडमध्ये १८८३ साली अशी दुसरी जागा शोधून सापडायची नाही.

खेळ सुरू होतो. इटोनियन्सची रीत जुनी आणि देखणी. एकाने चेंडू पायाशी ठेवायचा, समोरच्याला चकवत पुढे जायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे धावायचं, म्हणजे चेंडू सुटला तर दुसरा उचलेल. खांद्याने धक्का देणं नियमात बसतं, आणि ही माणसं धिप्पाड आहेत. ऑलिम्पिकची पोरं त्यांच्यापुढे किरकोळ दिसतात. पूर्वार्धातच गुडहार्ट गोल करतो. १-०. पॅव्हेलियनकडून टाळ्या येतात. तुमच्या शेजारचा विणकर टोपी काढून हातात चुरगळतो.

आता ऑलिम्पिककडे बघा. त्यांच्याकडे चेंडू आला की ते तो फार वेळ ठेवत नाहीत. डाव्या कडेवरून एक लांब, उंच पास थेट उजव्या कडेला जातो. इटोनियन्सचा घोळका तिकडे वळतो. तोवर चेंडू पुन्हा डावीकडे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुम्ही काल संध्याकाळी हीच हालचाल पाहिली आहे. उभ्या ताण्यातून धोटा असाच सपासप फिरत होता. इतक्या रुंद मैदानावर एका कडेकडून दुसरीकडे चेंडू फेकत राहायचं हे हंटरने त्यांना शिकवलं. त्यात त्यांची विचारसरणीही दिसते. गिरणीत कोणी एकटा कापड करत नाही. कोणी कातायचं, कोणी ताणा भरायचा, कोणी विणायचं. चेंडू आपला नाही, सगळ्यांचा आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मध्यंतर. बाजू बदलतात. पडलेला चेंडू जवळून बघून घ्या. तपकिरी कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, एका बाजूला चामड्याची वादी घट्ट आवळलेली. ओल धरली की तो दगडासारखा जड होतो, आणि ती वादी नेमकी कपाळावर आली तर माणूस दिवसभर ती विसरत नाही. हा चेंडू तासभर चाळीस-पन्नास पावलांवर नेमका पोहोचवणं म्हणजे मांड्यांचं काम आहे.

उत्तरार्धात हळूहळू फरक दिसायला लागतो. इटोनियन्स जितके धावत होते तितके आता धावत नाहीत. ऑलिम्पिक तसेच धावतायत. आणि मग चौकटी बसवणारा आर्थर मॅथ्यूज चेंडू घेतो आणि गोल करतो. १-१. तुमच्या आजूबाजूला जो आवाज उठतो तो काल साळखात्यात ऐकला होता तसा आहे, पायांतून वर चढणारा. थोड्याच वेळात इटोनियन्सचा आर्थर डन जायबंदी होऊन बाहेर जातो. बदली कोणी नाही. दहाजणच राहतात. त्या दहांनी शेवटपर्यंत झुंज दिली, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवं.

नव्वद मिनिटं संपतात. १-१.

आता मैदानात बोलणं चाललंय. जादा अर्धा तास खेळायचा की पुन्हा कधीतरी नवा सामना, हे तेव्हा जागेवर ठरतं. तुमच्या शेजारचे सगळे एकदम गप्प झालेत. कोणी काही म्हणत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात एकच गाव आहे. डार्वेन. रात्रीची गाडी, बुडालेली मजुरी, पुन्हा वर्गणी. पुन्हा सामना म्हणजे पुन्हा लंडन. पलीकडे उभ्या एका पोराचे ओठ हलतात. आवाज नाही, पण तुम्हाला आता ते वाचता येतं. ‘खेळा.’

आज नकार येत नाही. अर्धा तास जादा खेळायचं ठरतं. चार वर्षांपूर्वी डार्वेनला जे नाकारलं गेलं ते आज ब्लॅकबर्नला मिळतं.

या अर्ध्या तासात ब्लॅकपूलची वाळू, मटण, लापशी, सगळं पायांत उतरलंय. इटोनियन्स दमलेत, त्यांचे पाय जड झालेत, तरी किनेअर्ड प्रत्येक चेंडूवर झेपावतोय. चेंडू एका कडेने जातो. विणकर जॉन येट्स तो पुढे देतो. कताईवाल्या जिमी कॉस्टलीच्या पायाशी तो येतो. कॉस्टली थांबत नाही. रॉलिन्सनच्या बाजूने चेंडू जातो आणि दोन खांबांमधून सरळ मागच्या माणसांत घुसतो.

सूत कातणाऱ्याने गोल केला आणि विणणाऱ्याने त्याला चेंडू दिला.

२-१. उरलेल्या वेळात काय झालं ते तुमच्या शेजारच्याला पुढे कधी नीट सांगता आलं नसतं, कारण तो बघत नव्हता. त्याने तोंड टोपीत लपवलं होतं.

त्यांच्याबरोबर परत ब्लॅकबर्नला या. खेळाडूंची गावातून मिरवणूक निघते, गावातर्फे स्वागत होतं. चषक हातात घेऊन बघा. चांदीचा, उंची जेमतेम अठरा इंच, झाकणावर चेंडू घेतलेला एक छोटा खेळाडू, किंमत फक्त वीस पौंड. इतकुसा. नळकाम करणारा कप्तान वॉरबर्टन लोकांसमोर उभा राहून सांगतो की हा चषक लँकेशायरमध्ये आला आहे, इथे त्याला चांगलं घर मिळेल, आणि तो परत लंडनला जाणार नाही. त्याचे शब्द पुढे बरीच वर्षं खरे ठरले. पुढची तीन वर्षं, १८८४ ते १८८६, चषक ब्लॅकबर्नमध्येच राहिला, रोव्हर्सकडे. मोठ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकही संघ त्यानंतर अंतिम सामन्यात पोहोचला नाही. २० जुलै १८८५ ला फुटबॉल असोसिएशनने खेळाडूंना पैसे देणं कायदेशीर केलं. कामगार असून खेळता येतं, आणि खेळूनच पोट भरता येतं, हे मान्य झालं.

ऑलिम्पिकला मात्र ते परवडलं नाही. पगारी खेळाडूंची चढाओढ सुरू झाली, खेळाडू दुसरीकडे गेले, पैसा संपला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात रोव्हर्स होते, ऑलिम्पिक नव्हतं. १८८९ मध्ये क्लब बंद झाला. होल-इन-द-वॉलच्या मैदानावर पुढे कॉलेज उभं राहिलं. वीस पौंडांचा तो चषकसुद्धा १८९५ मध्ये बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेमागून चोरीला गेला आणि कधीच सापडला नाही. हातात धरण्यासारखं त्या दिवसाचं फारसं काही उरलं नाही. उरली ती शनिवारची दुपार. आजही तुमच्या पडद्यावर इंग्लंडचे कितीतरी सामने त्याच वेळेला सुरू होतात.

परतीच्या वाटेवर थोडं थांबा आणि मुंबईत उतरा. सालही तेच, १८८३. गिरण्यांच्या धुराड्यांचा धूर इथेही तसाच आहे, साळखात्यात आवाजही तोच. फक्त इथल्या माणसाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबायचं आहे आणि आठवड्याला एकही दिवस सुट्टी नाही. दोन वर्षांपूर्वी आलेला कारखाना कायदा फक्त लहान मुलांपुरता. या माणसाच्या अंगावरचं धोतर कदाचित त्या ओठांनी सूत ओढणाऱ्या बाईनेच विणलं असेल. तिला शनिवारची दुपार आहे, याला रविवारही नाही. त्याच्या मुलाला चेंडू मिळाला तरी तो कधी खेळणार?

हा प्रश्न ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी उचलला. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. वर्षं गेली. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले.

खेळ कोणी शोधला, नियम कोणी केले, पहिला चषक कोणी जिंकला, यावर पुस्तकं आहेत. ब्लॅकबर्नहून मी शिकलो ते इतकंच की खेळ आधी मोकळ्या वेळेतून जन्मतो, आणि मोकळा वेळ कामकऱ्याला कोणी आपणहून दिलेला नाही. पुढच्या वेळी सुट्टीच्या दुपारी अंतिम सामना बघायला बसाल, तेव्हा जॉन येट्स आणि जिमी कॉस्टली यांच्याबरोबर लोखंड्यांचंही नाव घ्या.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. ब्लॅकबर्नमध्ये तो चषक आला त्याला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती.